लढाई नव्हती तेव्हा



रणांगणावर पडलेल्या वीरांची नावे आपण मुलांना सांगतो. पण लढाई नसताना, सराव करता करता ज्यांचा प्राण गेला, त्यांचे काय? आज अशाच एका मुलीची आठवण करू या.

किरण शेखावत. जन्म मुंबईचा, १९८८ सालचा, घराणे राजस्थानातले. २०१० साली ती नौदलात अधिकारी झाली. काम निरीक्षकाचे. म्हणजे विमान चालवायचे नाही; रडारसारख्या यंत्रांवरून समुद्रात कोण आले, कुठे चालले, याचा माग घ्यायचा. नौदलात पहिली स्त्री वैमानिक झाली ती पुढे, २०१९ साली.

२४ मार्च २०१५. रात्रीची वेळ. सरावासाठी गोव्याहून उडालेले तिचे डॉर्नियर विमान समुद्रात कोसळले. आत तिघे होते. एका अधिकाऱ्याला मासेमारी करणाऱ्यांनी आपल्या होडीत घेऊन वाचवले. किरण आणि तिचे सहकारी अभिनव नागोरी मात्र गेले. किरणला सत्ताविसावे वर्ष चालू होते. कर्तव्य बजावताना मरण आलेली भारतीय नौदलातली ती पहिली स्त्री अधिकारी.

आता कुणी म्हणेल, सरावच तो, मग एवढी जोखीम कशाला? अहो, अंधारात समुद्रावर पहारा करायचा, तर त्याची सवयही अंधारातच करावी लागते. ती दिवसाउजेडी होत नाही.

तेव्हा गुरुजी, हे नाव एकदा फळ्यावर लिहा. मुले विचारतील, “कोणत्या लढाईत?” त्यांना सांगा, लढाई नव्हती बाळांनो, लढाईची वेळ आली तर चूक होऊ नये, म्हणून ती शिकत होती.