पहारा बदलताना



मायबाप हो, काल याच मंडपात एक गोष्ट घडली. कालचं कीर्तन लवकर, सहालाच उभं राहिलं होतं. मागं खांबापाशी दवाखान्यातल्या दोन सिस्टर बसल्या होत्या. साडेसात वाजले तशा त्या उठल्या, जागेवरूनच विठोबाला हात जोडले आणि निघाल्या. पुढं पंगतीत माझ्या कानावर आलं. एक मावशी म्हणत होत्या, "कीर्तन अर्ध्यात सोडून उठू नये. देवाच्या दारातून जायची एवढी काय घाई?" मावशी आज इथं समोरच बसल्यात. रागावू नका मावशी, पण आजचं निरूपण तुमच्याच प्रश्नावर आहे.

त्या दोघींना आठच्या पाळीला जायचं होतं. अनेक सरकारी दवाखान्यांत सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ अशा पाळ्या बदलतात. रात्रीची पाळी आठला सुरू होते ती सकाळी आठपर्यंत, बारा तास. रात्री आठला आत जाणारी सिस्टर आठला आली नाही तर सकाळपासून किंवा दुपारपासून उभी असलेली बाहेर पडत नाही. तिचंही घर असतं, घरी लेकरू असतं.

हे आपल्याला नवीन आहे का? आपला सप्ताह कशावर चालतो? सात दिवस विणा खाली टेकत नाही. दर दोन तासांनी पहारा बदलतो. पुढचा विणेकरी हातपाय धुऊन समोर येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि विणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातो. पुढचा येईपर्यंत आधीच्यानं हलायचं नाही. त्याला शिक्षा करणारा कुणी नसतो, तरी तो हलत नाही. मात्र पुढच्यानं उशीर केला की त्याचं ओझं आधीच्याच्या पायावर येतं.

मी तुम्हाला माझीच गोष्ट सांगतो. माझं वय तेव्हा १९. सप्ताहात माझा पहारा रात्री दोन ते चार. माझ्या आधी बारा ते दोन एक म्हातारे विणेकरी होते. मी म्हटलं, थोडं पडतो. पडलो तो चार वाजता काकड्याच्या गडबडीनं जागा झालो. धावत गेलो तर म्हातारबाबा उभेच. चार तास झाले होते. मी थरथरत होतो, आता काय ऐकून घ्यावं लागणार म्हणून. त्यांनी विणा माझ्या गळ्यात घातला, वाकून आधी माझ्या पायाला हात लावला आणि हळूच म्हणाले, "महाराज, डावीकडचे दोघं टाळकरी नवे आहेत, त्यांचे डोळे मिटायला लागलेत. तुम्ही आवाज वर ठेवा." एवढंच बोलले. मग भिंतीचा आधार घेत खाली बसले. त्यांचे पाय मी बघितले, सुजून गोल झाले होते. मला कुणी शंभर शिव्या दिल्या असत्या तर मी विसरलो असतो.

आता त्यांनी मला काय दिलं ते नीट ध्यानात घ्या. विणा दिला, मान दिला, आणि पुढं काय चाललंय याची खबर दिली. दवाखान्यात यालाच सिस्टर लोक 'ओव्हर देणं' म्हणतात. जाणारी आणि येणारी दोघी मिळून खाटेखाटेपाशी फिरतात. याला ताप होता, उतरला. याचं सलाईन बाराला संपेल. या बाईला रात्री दोनदा उलटी झाली. सगळं कागदावर असतं, पण कागदावर सगळं मावत नाही.

मावत नाही ते कसं, तेही मी भोगलंय. गाव सांगत नाही, दवाखान्याचं नाव घेत नाही. माझा धाकटा भाऊ साखरेचा रोगी, भरती होता. सकाळी साडेसातला रात्रपाळीच्या सिस्टरनं त्याला इन्शुलिन दिलं आणि तसं कागदावर लिहिलं. तिची एसटी आठ वाजून पाच मिनिटांची. आदल्या दिवशी तिची जोडीदार पाऊण तास उशिरा आली होती, त्यात तिची गाडी चुकली होती. आज गाडी चुकवायची नाही म्हणून आठच्या ठोक्याला ती निघाली. दुसरी आली सव्वाआठला. तिनं कागद बघितला, इन्शुलिन दिलंय, बरं झालं. पण त्या दिवशी नाश्ताच आला नव्हता, ते कागदावर कुठं असणार? भावाला घाम सुटला, हात कापायला लागले, असंबद्ध बोलायला लागला. मी बाजूला बसलेला शहाणा माणूस. मला वाटलं, रात्रीची झोप झाली नाही म्हणून बरळतोय. झाडणाऱ्या बाईनं बघितलं आणि ओरडली. सिस्टर धावली, बोटातून रक्त काढून साखर तपासली, शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्या वेळानं भाऊ मला नावानं हाक मारायला लागला. वाचला.

दोष कुणाचा? गेली तिचा पुरता नाही, आली तिचाही पुरता नाही. त्या दोघींच्या मधल्या पंधरा मिनिटांत माझा भाऊ जमिनीवर ठेवलेल्या विण्यासारखा पडला होता.

आपलं गंगाखेड जनाबाईचं गाव. इथून पंढरीला दामाशेटींच्या घरी गेलेली ही पोर. तिची पदकाची गोष्ट तुम्हाला तोंडपाठ आहे, पण आज तिच्याकडं जरा वेगळ्या बाजूनं बघा. रात्री देव जनीच्या घरी आला. पहाट झाली, काकड्याची वेळ भरली. राऊळात भक्त दारापाशी उभे. देव धावत निघाला. विटेवर वेळेला पोचलाच पाहिजे, तिथं देवालासुद्धा सूट नाही, बरं का! पण घाईत पदक जनीकडं राहिलं आणि तिची वाकळ अंगावर घेऊन देव गेला. बोलला मात्र कुणाशीच नाही. मग काय झालं? पुजाऱ्यांनी पदक शोधलं, जनीवर चोरीचा आळ आला, गरिबाची लेक सुळापर्यंत गेली. देव वेळेला पोचला, पण ओव्हर न देता निघाला, आणि भोगलं कुणी? देव होता म्हणून त्यानं सुळाचं पाणी केलं. दवाखान्यात सुळाचं पाणी करायला कुणी येत नाही. (हसू नका, मी देवावर टीका करत नाही. लेकरानं आईची खोड काढावी तसं बोललो.)

आता याच्या उलट एक गोष्ट ऐका, ही पोथीतली नाही. मुंबईला परळमध्ये के. ई. एम. दवाखाना आहे. तिथं अरुणा शानबाग नावाची परिचारिका होती, हळदीपूरची लेक. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्याच दवाखान्यातल्या एका सफाई कामगारानं तिच्यावर अत्याचार केला, गळा आवळला. मेंदूला रक्त पोचलं नाही. ती पोर पुन्हा उठली नाही, बोलली नाही. तिला जगवावं की जाऊ द्यावं यावर पुढं सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला, २०११ साली निकाल झाला. तो वाद मोठा आहे, त्यात मी शिरत नाही. मी फक्त सिस्टरांकडं बघतो. १८ मे २०१५ ला तिनं प्राण सोडला, तोवर त्याच दवाखान्यातल्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. ४१ वर्षं आणि वर काही महिने. जिनं पहिल्या वर्षी तिला भरवलं ती निवृत्त झाली, तिच्यानंतरची निवृत्त झाली. अरुणा कोण होती हे ज्यांनी डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं अशा पोरी शिकून आल्या आणि त्यांनी तिला आपली मानलं.

पडून राहिलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठ सडते. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांना सांगायला नको. न्यायालयानं डॉक्टर पाठवून तिला तपासलं, तेव्हा इतकी वर्षं पडून असलेल्या त्या देहावर तसली जखम नव्हती. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या तर ४५ हजारांवर वेळा ती एकीच्या हातातून दुसरीच्या हातात गेली. आपण सात दिवस विणा खाली ठेवत नाही आणि गावभर फलक लावतो. त्यांनी कुठं फलक लावला?

हे पुस्तकात वाचणाऱ्यांनाही सांगतो, आपापल्या गावचा दवाखाना डोळ्यापुढं आणा. आठ वाजले की आपण काय करतो? डबे घेऊन पाच-पाच जण वॉर्डात शिरतो. दोघी खाटेपाशी ओव्हर घेतायत, आणि आपण मधेच, "सिस्टर, डॉक्टर कधी येणार? सिस्टर, पंखा लागत नाही." कुणाचा जीव घाबरला असेल तर जरूर ओरडा, तिथं भीड नको. पण पंख्यासाठी दहा मिनिटं थांबा. नवी सिस्टर खाटेपाशी आली की तिला सांगा, यानं जेवण केलं नाही, हे औषध याला सोसत नाही. मी माझ्या भावाच्या वेळी बोललो नाही. तोंड होतं, दिवसरात्र बोलायचाच धंदा आहे माझा, तरी बोललो नाही.

आणि सिस्टर मंडळींनाही पाया पडून सांगतो. तुमची माणसं कमी, खाटा जास्त, एसटीचा भरवसा नाही, हे दिसतं आम्हाला. उशीर होणार असेल तर जोडीदारणीला फोन तरी करा. आलात की आधी "तुम्ही थकला असाल, निघा आता" एवढं म्हणा आणि मग वही मागा.

घड्याळात सातला वीस मिनिटं झालीत. खांबापाशी त्या दोघी आजही बसल्यात, आणि मघापासून उठू की नको म्हणून एकमेकींकडं बघतायत. आज कीर्तन मी दहा मिनिटं आधीच आवरतो, म्हणजे अर्ध्यात उठल्या असं कुणी म्हणायला नको. मावशी, तुम्ही कडेला आहात, जरा सरका. त्यांना वाट द्या.

पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!