रिपोर्टमधलं वाक्य

आज रेडिओलॉजीत एमडी झालेल्या डॉक्टरांनो,

रॉन्टगेनना १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले, हाउन्सफिल्डच्या सीटीवर १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू दिसला. हे तुम्ही परीक्षेसाठी घोकलंय, पुन्हा ऐकवत नाही. मला बोलायचंय रिपोर्टबद्दल. बहुतेक रुग्णांना रेडिओलॉजिस्टचा चेहराही ठाऊक नसतो. त्यांच्या हातात पडतो तो आपला कागद.

माझ्याकडे शिकलेल्यांना माझी खोड माहीत आहे. एक्स-रे लावल्याबरोबर मी निदान सांगू देत नाही. आधी दिसतंय ते बोला: कुठे, केवढं, कडा कशा, शेजारी काय. ‘टीबी’ म्हणून मोकळे झालात, तर कॉलर बोनमागचा फुप्फुसाचा शेंडा, हृदयाच्या सावलीमागची जागा, खांद्याचं हाड कोण बघणार? एक सापडलं की डोळा सुट्टीवर जातो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात छातीच्या सीटीत चक्क गोरिलाचं चित्र घातलं होतं आणि २४ रेडिओलॉजिस्टना गाठी शोधायला सांगितलं होतं. २० जणांना गोरिला दिसला नाही. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची नजर थेट त्यावर पडलेली होती!

दुसरं, ‘प्लीज कोरिलेट क्लिनिकली’. प्रत्येक रिपोर्टच्या शेपटाला हे लावायची सवय मोडा. फॉर्मवर ‘पोटात दुखतं’ एवढंच खरडलेलं असतं, मान्य. मग वॉर्डात फोन लावा. ताप आहे का, कधीपासून दुखतंय, आधी ऑपरेशन झालंय का, जुना स्कॅन कुठाय? आणि टेन्शन न्यूमोथोरॅक्स दिसला तर टाइप करत बसू नका, आधी कळवा. उपचार आधी व्हायला हवा, तो एक्स-रे निघायलाच नको होता असं परीक्षक म्हणतात. रात्री दोन वाजता तो निघतो.

एक गोष्ट मात्र शब्दाने, खुणेने, पेढा-बर्फीच्या सांकेतिक भाषेतही सांगायची नाही: गर्भाचं लिंग. केंद्राचा कायदा १९९४चा, पण महाराष्ट्राने १९८८ मध्येच आपला केला होता. त्या कायद्याखाली गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी एफ फॉर्म भरताना कुरकुर होते, मीही करते. रकाना चुकला म्हणून मशीन सील झालं की संताप येतो, तो रास्तही आहे. पण हे यंत्र मुलींवर उठलं ते आपल्याच पेशातल्या काहींच्या हातून, म्हणून तो कागद आला.

तुमच्यातले काही जण शिकवायला राहतील. बाहेरच्या सेंटरांचे फोन येतील, आकडे ऐकून घरचेही विचारतील. तरी राहिलात तर एवढं करा: रेसिडेंटचा रिपोर्ट त्याच्यामागे परस्पर दुरुस्त करून सही ठोकू नका. संध्याकाळी यादी तुंबलेली असली तरी त्याला खुर्ची ओढून शेजारी बसवा आणि त्याचं वाक्य का खोडलं, ते स्क्रीनवर बोट ठेवून दाखवा.