अडलेली पायरी विचारा



नवदीक्षित कुटुंबांसमोर बीजगणितावर बोलावयास कोणी उभा राहील, अशी आपली कल्पना नसेल. परंतु आपल्या जिल्ह्यात दहावीच्या उंबरठ्यावर जो विषय मुलामुलींची वाट अडवितो, तो टाळून शिक्षणाच्या हक्काची भाषा करणे मला योग्य वाटत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर, आष्टी, गेवराई, धारूर या तालुक्यांतून हजारो जोडपी ऊसतोडीला निघतात. त्यांत आपलीही कुटुंबे असतात. आईबापांबरोबर मूल गेले की शाळा सुटते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. ऐन नववी-दहावीत तो आधार संपतो. तरीही दार बंद नाही. राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज मुदतीत भरून, नेमून दिलेल्या संपर्क केंद्रातून, दहावीची परीक्षा खासगीरीत्या देता येते. इतिहास, भूगोल पुष्कळसे वाचून समजतात. बीजगणित मात्र नुसत्या वाचनाने साधत नाही. एक पायरी निसटली की पुढच्या साऱ्या निसटतात, आणि कोपीत बसलेल्या मुलीला ती पायरी दाखविणारे शेजारी कोणी नसते.

मग ती विचारीत का नाही? लाज वाटते म्हणून. ही लाज कोठून आली, याचा विचार करा. बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडविण्यास बोलाविले. त्याबरोबर सवर्ण मुलांनी गिल्ला केला. कारण त्यांचे डबे फळ्यामागे होते आणि ते विटाळतील अशी त्यांना भीती होती. डबे हलविल्यावरच बाबासाहेबांना फळा मिळाला. तेथूनच १९०७ साली ते मॅट्रिक झाले. ज्या फळ्यापासून आपल्याला दूर ठेवले गेले, त्याच्यापासून आता आपण होऊन दूर उभे राहावयाचे काय?

बीजगणित परके नाही. ते आपल्या घरातच आहे. समजा, एका कोयत्याने, म्हणजे एका जोडप्याने, ७०,००० रुपये उचल घेतली. टनाला ३५० रुपये आणि रोज २ टन तोड धरू. खर्च बाजूला ठेवला, तर उचल किती दिवसांत फिटेल? दिवसांना क्ष म्हणा. रोजचे ७०० रुपये होतात; म्हणून ७००क्ष = ७०,००० आणि क्ष = १००. आता हंगाम ९० दिवसांतच आटोपला, तर ६३,००० − ७०,००० = −७,०००. ही उणे खूण म्हणजे पुढील वर्षाच्या माथी बसलेले कर्ज. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये अशा संख्यांचे नियम सांगितले, तेही धन आणि ऋण याच शब्दांत. मुकादमाच्या वहीतला आकडा ज्या घरातली मुलगी स्वतः पडताळून पाहते, त्या घराला फसविणे सोपे नाही.

आता मदत कशी मागावी ते सांगतो. ‘मला गणित येत नाही’ असे म्हणू नका. त्या वाक्याला कोणाजवळ उत्तर नसते. जेथपर्यंत येते तेथपर्यंत वहीत लिहा, आणि अडलेल्या ओळीला खूण करा. उदाहरणार्थ, क्ष² − ५क्ष + ६ = ० हे समीकरण घ्या. एखादी मुलगी ६ पलीकडे नेऊन क्ष(क्ष − ५) = −६ असे लिहिते आणि थांबते. जाणत्याला चूक तत्काळ दिसते. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तरच त्यांतील एक शून्य असलीच पाहिजे. −६ विषयी तसे म्हणता येत नाही. म्हणून ६ जागीच ठेवावा, आणि ज्यांचा गुणाकार ६ व बेरीज −५ येते अशा संख्या शोधाव्या. त्या −२ आणि −३. मग (क्ष − २)(क्ष − ३) = ०, म्हणून क्ष = २ किंवा ३. दोन्ही उत्तरे मूळ समीकरणात घालून ताळा करा: ४ − १० + ६ = ० आणि ९ − १५ + ६ = ०. संपूर्ण उदाहरण दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. दाखविलेली पायरी झाकून दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण पुन्हा स्वतः सोडवा.

विचारावे कोणाला? गावच्या शाळेतील गुरुजींना, निवृत्त शिक्षकांना, महाविद्यालयात जाणाऱ्या शेजारच्या ताईला. दूर असाल, तर वहीच्या पानाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून पाठवा. बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, आणि गणिताच्या पुस्तकात शेवटी उत्तरसूची असते.

आणि वडीलधाऱ्यांनो, आपलेही काम आहे. विहारात एक फळा लावा. आठवड्यातून दोन संध्याकाळी एक जाणता तरुण किंवा तरुणी तेथे बसवा. मूल चुकले तर हसू नका.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले. मराठवाड्यातील आपल्या कितीतरी मुलांना तेथे उच्च शिक्षणाचे दार उघडले. त्याला पुढे मिलिंदाचे नाव मिळाले, आणि परिसराला नागसेनाचे. मिलिंद कोण होता? नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा. उत्तरे देणाऱ्या भिक्खूइतकाच मान तेथे प्रश्न विचारणाऱ्यालाही मिळाला, हे ध्यानात ठेवा. राजाला विचारण्याची लाज वाटली नाही, मग ऊसतोड्याच्या लेकीला ती का वाटावी?

आज घरी गेल्यावर मुलांना गुण विचारू नका. ‘कोठे अडले?’ एवढेच विचारा, आणि ती पायरी घेऊन त्यांच्याबरोबर जाणत्याच्या दारी जा.

जय भीम.