बोर्ड गेलं म्हणे! आधी धूळ तर काढा

इयरफोन कानात आहेत ना? आज त्या इयरफोनपर्यंतही येणार आहे, पण आधी आमच्या घरच्या कॉम्प्युटरची गोष्ट.

बाबांचा जुना डेस्कटॉप. आजीचे सगळे फोटो त्यात, आणि बॅकअप? शून्य! गेल्या दिवाळीच्या तोंडावर हा पठ्ठ्या दहा मिनिटं चालायचा आणि फटकन बंद पडायचा. दुकानात नेला, तर न उघडताच उत्तर मिळालं, "बोर्ड गेलंय, नवीन घ्या." बाबा एवढंच म्हणाले, "आणि आईचे फोटो?"

घरात साफसफाई चालूच होती. म्हटलं, उघडून तर बघू. बाजूचं झाकण काढलं आणि काय सांगू! प्रोसेसरवर हीटसिंक असतो ना, त्याच्या पातळ पट्ट्यांमध्ये धुळीची अक्षरशः गादी. पंखा फिरतोय, पण हवा जाणार कुठून? प्रोसेसर फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरी भागलं नाही, तर जळू नये म्हणून मशीन बंद होतं. आमचा कॉम्प्युटर नुसता गुदमरत होता.

आता तुम्ही करणार असाल तर नीट ऐका. आधी शटडाऊन करा, प्लग काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज पार्टवर जाणार नाही. मग रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश आणि हवेचा ब्लोअर. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. तो भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. हे काम गॅलरीत करा, नाहीतर आई तुम्हालाच झटकेल! आणि पॉवर सप्लायचा डबा उघडायचा नाही म्हणजे नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

कीबोर्ड उलटा करून हलकेच थोपटा. आमच्या कीबोर्डमधून चिवडा निघाला, कोणत्या दिवाळीचा ते विचारू नका. कळा पुसायला कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. माऊस अडखळत असेल तर खालच्या सेन्सरवर केस अडकलाय का बघा.

एक चूक मात्र मी केली. काच पुसायचा स्प्रे थेट मॉनिटरवर मारला. पाणी ओघळून खालच्या कडेतून आत गेलं, तो डाग आजही आहे. तुम्ही मायक्रोफायबरचं कोरडं कापड घ्या. फारच डाग असेल तर कापड किंचित ओलं करा, स्क्रीन नाही.

आणि इयरफोन! जाळीवरचा मळ कोरड्या, मऊ टूथब्रशने काढा, जाळी खालच्या बाजूला धरून. म्हणजे मळ आत न जाता बाहेर पडतो.

झाकण लावलं, कॉम्प्युटर सुरू केला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तासभर झाला, चालूच! पहिलं काम काय केलं असेल? सगळे फोटो एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेतले. बाबा शेजारी बसून एकेक फोटो बघत होते.

प्रत्येक बिघाड धुळीचा नसतो, कधीकधी बोर्ड खरंच जातं. पण भंगारात द्यायच्या आधी एकदा झाकण उघडून बघा. आणि बॅकअप? तो आजच घ्या, मशीन चालू आहे तोवर.

चला, भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!