कोल्हापुरी पायताण आणि परदेशची पेठ

(मंडळाच्या वार्षिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी मला दिलेला विषय 'लहान उत्पादक आणि निर्यात व्यापार' असा आहे. विषय मोठा आहे आणि मोठ्या विषयावर मोघम बोलून वेळ काढणे फार सोपे असते. यास्तव मी तो मुद्दाम लहान करून घेतला आहे. आपली माणसे जे पायताण हाताने घडवितात, ते त्यांच्याच नावाने परदेशातील गिऱ्हाइकापर्यंत कसे पोहोचेल, एवढाच प्रश्न मी आज आपणांपुढे मांडणार आहे.

२०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी प्राडा या विख्यात पेढीने आपल्या नव्या पादत्राणांचे प्रदर्शन केले. त्यांत अंगठ्याची वादी आणि रुंद पट्टा असलेली जी चामडी वहाण होती, ती पाहताच कोल्हापूरच्या कोणत्याही पोराने तिचे नाव सांगितले असते. पेढीने मात्र ते सांगितले नव्हते. इकडे मोठा गहजब झाला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र धाडले, तेव्हा या वहाणेची प्रेरणा भारतीय हस्तकलेतून घेतल्याचे पेढीने मान्य केले. जुलैमध्ये तिची माणसे कोल्हापुरास येऊन कारागिरांना भेटून गेली. पुढे डिसेंबरात महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचे चर्मोद्योग महामंडळ यांच्याशी करार होऊन दोन हजार जोड इकडे करून घेण्याचे ठरले. एका जोडाची किंमत सुमारे आठशे युरो सांगण्यात आली.

या प्रकरणात आपल्या समाजाने संताप पुष्कळ व्यक्त केला, आणि तो अस्थानी नव्हता. तथापि संताप ओसरल्यावर आपण काय केले, हे विचारणे अधिक अगत्याचे आहे. आठशे युरो देणारे गिऱ्हाईक जगात आहे, ही गोष्ट आपणांस परक्या पेढीने दाखवून दिली. ते गिऱ्हाईक काल जन्मले नाही. १९७० च्या सुमारास हिप्पी मंडळी ह्याच वहाणा पायांत घालून आपल्या देशी परत जात होती. माल तेव्हाही गेला. करणाऱ्याचे नाव मात्र त्याबरोबर गेले नाही.

नावाचा प्रश्न कायद्याने बराचसा सोडविला आहे. कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते दोन्ही राज्यांच्या महामंडळांनी मिळून मिळविले असून त्यात आपल्याकडील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. (अथणीची चप्पल खरी की कापशीची, हा वाद आपण लग्नाच्या पंगतीत घालावा, व्यापारात त्याचा काडीइतका उपयोग नाही.) परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक अशी की, मानांकन प्रांताला मिळाले म्हणून ते प्रत्येक कारागिरास आपोआप लाभत नाही. त्याने स्वतः 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करावी लागते. दुसरी अशी की, आपल्या देशात मिळालेले हे संरक्षण आपल्या सीमेपाशी संपते. मिलानमध्ये ते चालावयाचे तर तिकडच्या कायद्याप्रमाणे निराळी नोंदणी हवी. युरोपीय संघाने हस्तोद्योगाच्या वस्तूंसाठी तसा कायदा केला असून तो १ डिसेंबर २०२५ पासून अंमलात आला आहे. महामंडळांच्या मागे लागून ती नोंदणी घडवून आणणे, हे निषेधसभेपेक्षा चिकाटीचे काम आहे.

आता मालाकडे वळतो. जगभरच्या जकात खात्यांनी प्रत्येक वस्तूस एक आकडा ठरवून दिला आहे. त्यातील ६४०३.२० हा आकडा कशाचा, हे आपणांस ठाऊक आहे काय? चामड्याचा तळ आणि पावलावरून व अंगठ्याभोवती चामड्याच्या पट्ट्या असलेल्या पादत्राणांचा! आपल्या पायताणाचे वर्णन जगाच्या जकातवहीत नाव न घेता लिहिलेले आहे. हा आकडा बीजकावर बिनचूक लिहावा लागतो, कारण तिकडे किती जकात पडावयाची, ते त्यावरून ठरते.

आपल्या मालाचे एक मोठे बळ आपणांस पुरते उमगलेले नाही. अंगाला लागणाऱ्या चामड्यात षट्संयुजी क्रोमियम किलोमागे तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, असा युरोपात २०१५ पासून निर्बंध आहे. क्रोमने कमावलेल्या कातड्याच्या कारखानदारांना त्याची धास्ती असते. आपले अस्सल पायताण हिरडा आणि बाभळीची साल यांनी कमावलेल्या कातड्याचे. जी पद्धत लोकांनी मागासलेली म्हणून हिणविली, तीच या कसोटीला उतरते. मात्र स्वस्त पडते म्हणून कोणी आतल्या थरात क्रोमचे कातडे दडपील किंवा निषिद्ध रंग वापरील, तर प्रयोगशाळेत ते उघडे पडेल, आणि त्या एकट्याचा माल परत येऊन भागणार नाही. सगळ्या गावाचे नाव जाईल.

दुसरी अडचण मापाची आहे, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. आपला कारागीर हाताच्या अंदाजाने जोड बांधतो. समोर गिऱ्हाईक असले की अंदाज अचूक उतरतो, कारण पाऊल डोळ्यांपुढे असते. परदेशी गिऱ्हाईक नुसता आकडा कळविते. इंग्रजी मापात एका आकड्याचे अंतर इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपीय मापात ते सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, म्हणजे पावणेसात मिलिमीटरांच्या आतले. दोन्हींचा मेळ पुरता बसत नाही. एका गावातील दहा घरांनी 'आठ नंबर'चे दहा प्रकारचे जोड केले, तर पाचशे जोडांची मागणी पुरी होणार कशी? सर्वांनी एकच साचा आणि एकच मापपट्टी वापरल्यावाचून ते होणे नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडे या बाबतीतले ज्ञान आहे. ते मागून आणावयास हवे.

आणखी एक लहानशी बाब. नवे पायताण ताठ असते, त्याला तेल पाजावे लागते, चार दिवस ते चावते, मग ते पायाचे होते. हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. लंडनच्या बाईला ते कोण सांगणार? तिला तो दोष वाटतो आणि ती जोड परत पाठविते. करकर वाजणाऱ्या पायताणाचा तर आपल्याकडे केवढा तोरा! तिकडे ती तक्रार होते. प्रत्येक जोडाबरोबर चार ओळींचा इंग्रजी कागद घालावा, एवढाच यावर उपाय आहे. पावसाळ्यात बांधलेल्या मालाला वाटेत बुरशी येते, म्हणून कातडे पुरते सुकवून आणि ओल शोषणाऱ्या पुड्या घालूनच खोकी भरावीत.

कागदपत्रांची भीती मात्र अवास्तव आहे. आयात-निर्यात संकेतांक ही पहिली पायरी. त्याला पॅन आणि बँकेचे खाते लागते, शुल्क पाचशे रुपये आहे आणि अर्ज घरबसल्या करता येतो. दर वर्षी एप्रिल ते जून या महिन्यांत त्याची माहिती ताजी करावी लागते. विसरल्यास तो निष्क्रिय होतो. निर्यातीचा लाभ हवा असेल तर चर्म निर्यात परिषदेचे सभासदत्व घ्यावे. एकदोन जोड पाठवावयाचे असतील तर टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत. तेथे जकातीचे कागदही होतात. तथापि एकाच देशावर विसंबू नये. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने भारतीय मालावरील जकात पन्नास टक्क्यांवर नेली आणि लहान पार्सलांची माफीही काढून घेतली. त्या गोंधळात आपल्या टपाल खात्याला तिकडची बहुतेक पार्सले ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवावी लागली. ज्यांचे सारे गिऱ्हाईक तिकडे होते, ते त्या दिवसांत हात जोडून बसले.

पैशाविषयी स्पष्ट बोलतो. माल आधी आणि पैसे मागून, हा व्यवहार अनोळखी परदेशी गिऱ्हाइकाशी करू नये. आगाऊ रक्कम घ्यावी किंवा बँकेचे पतपत्र घ्यावे. ते शक्य नसेल तर गिऱ्हाईक बुडाल्यास भरपाई देणारी निर्यात पतहमी संस्था १९५७ पासून आपल्या देशात आहे. तिचा विमा उतरवावा. माझ्या ओळखीच्या एका कारागिराचा मोठा माल एका परदेशी व्यापाऱ्याने ताब्यात घेतला आणि पुढे पत्रांना उत्तर देणेच बंद केले. त्या कुटुंबाला दोन वर्षे सावकाराचे देणे फेडीत बसावे लागले.

आता आपल्या मंडळाकडे येतो. या सभागृहात बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरातून आरी-रापी कधीच गेली. वडिलांनी पोट मारून आपणांस शिकविले ते याचसाठी, आणि त्यात गैर काही नाही. ज्या धंद्यामुळे विहिरीवर मज्जाव झाला, तो सोडण्याची ओढ लागणे स्वाभाविकच होते. परंतु जे गावी राहिले त्यांच्यापाशी हात आहेत आणि कागद नाही; आपल्यापाशी कागद आहे आणि हात उरले नाहीत. आपल्यात बँकेत काम करणारे आहेत, करसल्लागार आहेत, इंग्रजी पत्र लिहिणाऱ्या मुली आहेत. आज ही दोन्ही कामे परका मधला मनुष्य जोडून देतो आणि नफ्याचा मोठा वाटा घेऊन जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ती जागा आपणच मोकळी सोडली आहे.

कार्यकारिणीशी बोलून मी एक गोष्ट ठरवून आलो आहे. पुढील महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या कचेरीत चार जाणती मंडळी बसतील. गावाकडील ज्या आप्तांना संकेतांक अथवा मानांकनाची नोंद करावयाची असेल, त्यांना पॅन, आधार, बँकेचे पासबुक आणि स्वतः केलेला एक जोड घेऊन यावयास सांगा. जोड मुद्दाम मागितला आहे. त्याचे माप त्याच दिवशी घेण्यात येईल. अर्जाचे शुल्क ज्यास जड वाटेल त्याचे मंडळ भरील, असे खजिनदारांनी मान्य केले आहे.