०.६९३ आले कोठून?



बारावीच्या रसायनशास्त्रात अर्धायुष्याचे एक सूत्र येते. त्यात ०.६९३ हा आकडा असतो. पदार्थविज्ञानात किरणोत्सर्गाच्या धड्यातही तोच आकडा भेटतो. विद्यार्थी तो पाठ करतात, गुणही मिळवतात. पण "हा आकडा आला कोठून?" असे विचारले की सारा वर्ग गप्प होतो. आज या एकाच आकड्याविषयी चार शब्द सांगणार आहे.

आपली पुष्कळ मुले दहावीपर्यंत मराठीतून किंवा उर्दूतून शिकतात. अकरावीला विज्ञान शाखेत गेली की हाती इंग्रजी पुस्तक येते. शब्द अनोळखी, म्हणून सूत्र पाठ करायचे. सूत्र विसरले की भीती. आणि शेवटी गणितच सोडायचे! म्हणून आधी अर्थ समजून घेऊ.

कॅल्क्युलसमध्ये संकलनाचा नियम सोपा आहे. घातांकात एक मिळवा आणि आलेल्या घातांकाने भागा. क्ष-वर्गाचे संकलन क्ष-घन भागिले ३. परंतु १/क्ष म्हणजे क्ष चा उणे एक घात. त्यात एक मिळवला की शून्य येते, आणि शून्याने भागता येत नाही. नियम येथे अडतो. पुस्तक म्हणते, "उत्तर लॉग क्ष," आणि विद्यार्थी ते अपवाद म्हणून पाठ करतो.

नियम अडला तरी आलेख अडत नाही. ग्राफ-कागद जोडून घ्या. १० सेंटिमीटर म्हणजे १, असे प्रमाण दोन्ही अक्षांवर धरा आणि १/क्ष ची वक्ररेषा काढा. क्ष १ पासून २ पर्यंत रेषेखालचे चौरस सेंटिमीटर मोजा. ते सुमारे ६९ भरतील. १०० चौरस सेंटिमीटर म्हणजे एक एकक, म्हणून क्षेत्रफळ ०.६९३. हाच तो आकडा!

आता २ पासून ४ पर्यंत मोजा. रुंदी दुप्पट झाली, पण उंची सर्वत्र निम्मी झाली. क्षेत्रफळ तेवढेच राहिले. ३ ते ६ घ्या, तरी तेवढेच. याच कारणाने २ ते ६ चे क्षेत्रफळ १ ते ३ एवढे असते. म्हणून १ ते ६ चे क्षेत्रफळ म्हणजे १ ते २ आणि १ ते ३ यांची बेरीज: ०.६९३ अधिक १.०९९ बरोबर १.७९२. गुणाकाराची बेरीज झाली! लॉगॅरिदमचा गुणधर्म याहून वेगळा काय आहे?

अल्गोरिदम हा शब्द अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला, म्हणून लॉगॅरिदमही त्यावरूनच आला असावा असे काहींना वाटते. तसे नाही. तो शब्द स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने दोन ग्रीक शब्द जोडून बनवला आणि १६१४ साली आपली कोष्टके प्रसिद्ध केली. त्याचा हेतू मोठे गुणाकार सोपे करण्याचा होता. पुढे १६४७ साली सेंट-व्हिन्सेंटच्या ग्रंथात या वक्ररेषेखालच्या क्षेत्रफळाचा गुणधर्म आला, आणि १६४९ साली द सारासाने त्याचा लॉगॅरिदमशी संबंध दाखवला.

ज्या संख्येपर्यंत हे क्षेत्रफळ बरोबर १ भरते, ती संख्या 'ई', म्हणजे सुमारे २.७१८. तिच्या पायावरचा लॉग तो नैसर्गिक लॉग. नैसर्गिक का? कारण त्याचे विकलन केले की निव्वळ १/क्ष येते. १० च्या पायावरच्या लॉगचे विकलन केले तर ०.४३४३ हा गुणक उगाच चिकटतो. लॉग टेबलात २ चा लॉग ०.३०१० आहे. त्याला २.३०२६ ने गुणून पाहा, ०.६९३१ येईल.

आता अर्धायुष्याकडे वळू. किरणोत्सर्गी पदार्थ जेवढा शिल्लक असतो त्या प्रमाणात घटतो. म्हणून त्याचा ठरावीक लहानसा भाग घटायला लागणारा वेळ शिल्लक साठ्याच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे १/क्ष प्रमाणे असतो. हे सारे लहान वेळ मिळवले की पुन्हा तेच क्षेत्रफळ! ४ चे २ होवोत की २ चा १, क्षेत्रफळ सारखे, म्हणून वेळही सारखा. थायरॉइडच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे ८ दिवस आहे. ०.६९३ ला ८ ने भागले की त्याचा ऱ्हास-स्थिरांक दर दिवसाला सुमारे ०.०८७ येतो.

विद्यार्थी मित्रहो, सूत्रे पाठ असावीत, याबद्दल वाद नाही. पण ज्याने एकदा चौकोन मोजले, तो परीक्षेत सूत्र विसरला तरी ते पुन्हा मिळवू शकतो. पालकांना माझी विनंती एवढीच की, मुलगा किंवा मुलगी अभ्यासाला बसली असता "पाठ झाले का?" असे विचारता, त्याबरोबर "हे असे का, मला सांग बरे," असेही विचारा. उत्तर आपल्याला पूर्ण कळले नाही तरी चालेल. सांगता सांगता सांगणाऱ्याला कळत जाते. गणित मध्येच सोडणारी आपली मुले-मुली या एका प्रश्नाने टिकून राहतील, असा मला विश्वास वाटतो.