२०२२ सालची यादी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. संयोजकांना वाटलं असणार की ही सॉफ्टवेअरवाली आहे, म्हणजे एआयवर बोलेल. पोरांना कोणता कोर्स लावायचा ते जेवताना विचारा, जेवढं कळतं तेवढं सांगेन. इथे मात्र मी गाण्यांवर बोलणार आहे. मला गाता येत नाही, हे नववीच्या गॅदरिंगपासून आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या गॅदरिंगवर पुढे येतेच.

माझ्या फोनमध्ये एक यादी आहे. २०२२ साली गेलेल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची. करायची म्हणून केली नाही, होत गेली. ८ जानेवारीला रामदास कामत गेले, ‘मत्स्यगंधा’वाले. माझ्या वडिलांचे फार आवडते, म्हणून मी ते नाव आणि तारीख लिहून ठेवली. दोन आठवड्यांनी, २२ तारखेला, पुण्यात कीर्ती शिलेदार गेल्या. संगीत नाटकाची दोन माणसं एका महिन्यात, म्हणून दुसरी ओळ लिहिली. मग ६ फेब्रुवारी. त्या दिवशी काय झालं ते सांगायला नको. वसंत पंचमीचा दुसरा दिवस होता, रविवार होता, लताबाई गेल्या. दुसऱ्या दिवशी राज्यात सुट्टी होती. आमच्या ऑफिसातल्या दिल्लीच्या मुलाने विचारलं, गायिकेसाठी सुट्टी? मी म्हटलं, हो, आणि पुढे काही समजावून सांगता आलं नाही.

१५ फेब्रुवारीला बप्पी लाहिरी. १० मे रोजी संतूरवाले पंडित शिवकुमार शर्मा. २९ मे रोजी पंजाबात सिद्धू मूसेवाला, गोळ्या घालून मारला, वय २८. दोनच दिवसांनी कलकत्त्यात केके, कॉलेजचा कार्यक्रम करून हॉटेलवर परतला आणि गेला. १८ जुलैला भूपिंदर सिंग. आणि १० डिसेंबरला सुलोचना चव्हाण.

आता ही नावं एका दमात घेतली की कसं वाटतं बघा. नाट्यगीत, सिनेमा, डिस्को, संतूर, पंजाबी रॅप, गझल, लावणी. यांचे ऐकणारे एका मांडवात बसणारच नाहीत. गाण्यांचं कुठलंही ॲप यांना वेगवेगळ्या कप्प्यांत टाकतं. अशा प्रकारचं काम मी स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगते : तुम्ही तीन लावण्या ऐकल्यात की ते यंत्र तुम्हाला चौथी लावणी देतं, संतूर देत नाही. आपल्या वेळी मात्र घरात एकच रेडिओ होता आणि तो मोठ्या माणसांच्या हातात होता. परभणी केंद्र लागायचं. सकाळी भक्तिगीतं, मग बातम्या, कधी नाट्यगीत, कधी लोकगीत, जे लागेल ते. आमच्या शेतात हळद शिजवायची असली की कढईपासून चार हात लांब, बाभळीच्या फांदीला ट्रान्झिस्टर अडकवलेला असायचा. वडील जाळ सारत असायचे आणि रामदास कामतांची तान आली की हात थांबायचा. आई म्हणायची, हळद करपली तर तो कामत येणार आहे का भरून द्यायला?

बप्पी लाहिरी मी आधी वरातीतल्या बँडवर ऐकला, पिपाणीवर, आणि पुढे कितीतरी वर्षांनी कॅसेटवर. ‘डिस्को डान्सर’ १९८२ चा, रशियातसुद्धा तुफान चालला, पण मला ते वरातीतलंच जास्त खरं वाटतं. शिवकुमार शर्मांचं नाव ‘चांदनी’च्या कॅसेटवर वाचलं होतं. शिव-हरी हे एकाच माणसाचं नाव आहे, असं मी बरेच दिवस समजत होते. हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि यांचं संतूर अशी ती जोडी, हे इंजिनिअरिंगला नांदेडला गेल्यावर कळलं. संतूर हे काश्मीरकडचं सुफी गाण्याच्या साथीचं वाद्य. त्याला शंभराच्या आसपास तारा, आणि त्या लाकडी कलमांनी छेडायच्या. त्यावर राग कसा वाजणार, मींड कशी निघणार, म्हणून जाणकार नाकं मुरडायचे. यांनी तारांची मांडणी बदलली, वाद्य स्टँडवरून मांडीवर घेतलं आणि वाजवून दाखवलं. त्यांच्या चितेसमोर एकटे उभे असलेले झाकिर हुसेन, तो फोटो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. डिसेंबर २०२४ मध्ये तेही गेले.

सगळे एकाच वर्षी कसे गेले, त्यात काही गूढ आहे का? नाही. रेडिओ आणि सिनेमाने एका पिढीला बरोबरच वर आणलं. लताबाई १९२९ च्या, कामत १९३१ चे, सुलोचनाबाई १९३३ च्या. बरोबर वाढलेली माणसं बरोबर म्हातारी होतात. पण केके ५३ वर्षांचा होता. आमच्या हॉस्टेलच्या शेवटच्या रात्री, २००१ साली, सगळ्यांनी त्याच्याच ‘पल’ या अल्बममधलं निरोपाचं गाणं म्हटलं होतं. त्याच्या जाण्याला माझ्याकडे हिशेब नाही. आणि मूसेवाला गेला तेव्हा माझा मुलगा दोन दिवस धड जेवला नाही. मी म्हणाले, कोण रे हा, बंदुकांची गाणी म्हणणारा? तो म्हणाला, आई, तू लतासाठी रडलीस तेव्हा मी विचारलं का? गप्प बसले. मग त्याने मला ती गाणी ऐकवली. सगळी नाही आवडली. एक-दोन आवडली.

आता नववीचं गॅदरिंग. मला सुलोचनाबाईंची लावणी म्हणायची होती. ढोलकीला आपला तो होता. नाव घेत नाही, या ग्रंथाच्या पहिल्या पानावर त्याचा फोटो आहे. आठ दिवस आम्ही त्यांच्या गोठ्यात तालीम केली. मग सांगण्यात आलं की लावणी चांगल्या घरातल्या मुलींनी म्हणायची नसते, लताबाईंचं एखादं गाणं घ्या. घेतलं, आणि दुसऱ्या कडव्यात मी सूर सोडून गेले. त्याने ढोलकीने सांभाळून घेतलं. निर्णय ज्यांचा होता ते गुरुजन समोरच बसले आहेत. माझी तक्रार नाही, काळच तसा होता. एवढंच सांगते, सुलोचनाबाई आयुष्यभर डोक्यावर पदर घेऊन, एका जागी उभ्या राहून लावणी गायल्या. नाच नाही, हातवारे नाहीत, सगळं आवाजात आणि शब्द फेकण्यात. ‘लावणीसम्राज्ञी’ हे नाव त्यांना आचार्य अत्र्यांनी दिलं. आणि त्याच २०२२ साली पद्मश्रीही मिळाली.

डिसेंबरात त्या गेल्याची बातमी आली तेव्हा मला एकाच माणसाला फोन करायचा होता, आणि तो ऑगस्टमध्येच गेला होता. हार्ट अटॅक, त्रेचाळीस वर्षांचा. माझ्या यादीत भूपिंदर आणि सुलोचनाबाई यांच्या मध्ये त्याचं नाव आहे. तो रेडिओवर कधी आला नाही. गावातल्या भजनी मंडळात वाजवायचा, हळद विकायला वसमतला जायचा.

लताबाई गेल्या त्या रात्री त्याने आपल्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता. एक मिनिट चाळीस सेकंदांचा. तुम्ही हात जोडलेले इमोजी टाकलेत. मी तेवढंही केलं नाही, ग्रुप म्यूट करून ठेवला होता. तो गेल्यावर वर वर सरकत तिथवर पोचले. धूसर चौकोन दिसतो, दाबलं की उघडत नाही. माझ्या फोनवर आपोआप डाउनलोड बंद होतं. वेळेत उतरवून घेतलं नाही, सर्व्हरवरून ते गेलं. हे असं होतं, हे मी दुसऱ्यांना समजावून सांगते, माझा तो व्यवसाय आहे.

वहिनी आज आल्या आहेत, त्यांना विचारूनच हे बोलते आहे. त्याचा फोन मुलाला देताना रिसेट केला, त्यात काही राहिलं नाही. ग्रुपवर तेव्हा आपण एक्केचाळीस जण होतो. कुणाचा तरी जुना फोन कपाटात पडलेला असेल, काच फुटलेला, बॅटरी फुगलेला, तरी टाकू नका, चार्जिंगलाही लावू नका, माझ्याकडे द्या. त्यातून काढायचं कसं ते मी बघते. तारीख ६ फेब्रुवारी २०२२, रात्री ९ वाजून १२ मिनिटं. ज्यांनी ऐकला आहे ते सांगतात की त्यात ढोलकी नाही, तो नुसता गातो आहे, आणि सुरुवातीला मागे म्हैस हंबरते.